रायकर बाईंच्या चिठ्ठीवाल्या मुली

रेवाने परवा फोनवर माझ्याकडे एक चिठ्ठी मागितली. मेलबर्नच्या तिच्या शाळेत दर गुरुवारी खेळाचा तास असतो, त्यात दोन किलोमीटर पळायचं असतं, आणि आजीचं इंग्रजी जुन्या वळणाचं असल्यामुळे आजीने लिहिलेली सबब शाळेला खरी वाटेल असा तिचा अंदाज होता. तिचा भाऊ ईशान मागून सुचवत होता की गुडघेदुखी नको, मायग्रेन लिही, ते दिसत नाही. मी नाही म्हटलं. का नाही, असं तिने विचारलं तेव्हा लिहून कळवते म्हणाले. फोनवर मला मुद्देसूद बोलता येत नाही, म्हणून हे तुम्हा दोघांसाठी.

रायकर बाई कोण, हे तुमच्या आईला विचारा. ती आधी हसेल आणि मग खांदे सरळ करून बसेल. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुली असंच करतात.

मालन रायकर आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. मी इंग्रजीची. शाळा मुलींची, पेठेतली, जुनी, आणि आपल्या जुनेपणावर खूश असलेली. बाई आल्या तेव्हा तेवीस वर्षांच्या असतील. मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, पण त्या मला बाई म्हणायच्या आणि मीही त्यांना बाईच म्हणत आले. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दिवसभर बाई बाईंना बाई म्हणत असत. त्यात कुणाचा गोंधळ होत नसे, तुम्हीही करून घेऊ नका.

धायरी तेव्हा गाव होतं आणि बाई तिथून सायकलने यायच्या. आज तिथे इमारती आहेत. त्यांची नावं इटलीतली आणि पाणी टँकरचं. बाईंच्या वडिलांची तिथे शेती होती. मुलीने शिकावं हे त्यांना मान्य होतं. मुलगी कबड्डी खेळते हे त्यांना कळलं तेव्हा ती जिल्ह्याच्या संघात पोहोचली होती, त्यामुळे परवानगीचा प्रश्न आपोआप मिटला. शिक्षकांच्या खोलीत बाई आमच्यासारखं शुद्ध बोलायच्या, जपून, नवी चप्पल घालून चालावं तसं. मैदानावर मात्र धायरी बाहेर यायची. मी दुसऱ्या मजल्यावर इंग्रजी कविता शिकवत असताना खिडकीतून आवाज यायचा, "पळती हाय का फिराय आली हाय?" आणि मग वर्गाचं लक्ष कवितेवर राहायचं नाही. माझंही राहायचं नाही.

बाई कधी खुर्चीवर बसत नसत. डबासुद्धा उभ्याने खायच्या, खिडकीशी. बसलेली पी.टी.ची शिक्षिका बघितली की मुली बसतात, असं त्यांचं म्हणणं. शाळेतल्या प्रत्येक मुलीचं नाव त्यांना पाठ असे, थोरली बहीण शाळेत होऊन गेली असेल तर तिच्यासकट. त्यांच्याशी चालता चालता बोलायचं तर आपल्याला थोडं पळावं लागे. माझ्या पुतण्याच्या लग्नात जेवणाच्या टेबलापाशी झुंबड उडाली होती. बाई नुसत्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि वऱ्हाडाची रांग झाली.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने काय करावं, याबद्दल शाळेत सगळ्यांची मतं ठाम होती. प्रार्थनेला रांगा लावाव्यात. नखं आणि रिबिनी तपासाव्यात. पाहुणे आले की मुलींना दोन बाजूंना उभं करावं, त्यांच्या हातात फुलं द्यावीत आणि पाहुणे उशिरा आले तर फुलांवर पाणी मारावं. कुणाला चक्कर आली की उचलून न्यावं. यातून वेळ उरला तर खेळ घ्यावेत. तो उरणार नाही याची व्यवस्था मी करत असे, कारण वेळापत्रक माझ्याकडे होतं. गणित सकाळी, डोकं ताजं असताना. त्यामागे इंग्रजी, शास्त्र. पी.टी. उरेल तिथे. उरायचा तो डब्यानंतरचा तास, पोट भरलेलं आणि ऊन डोक्यावर. सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई तोही मागून घ्यायच्या. 'आज तुमचा तास घेऊ ना,' यातला प्रश्न केवळ शिष्टाचाराचा होता. मीही घेतले आहेत. रायकर बाई मान हलवायच्या आणि त्या तासात रिकामं मैदान झाडून काढायच्या. शिपाई आहे की झाडायला, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, तो खडे ठेवतो, पोरी पडतात.

आता चिठ्ठीचं सांगते. मुलगी सातवी-आठवीत गेली की आमच्याकडे पालक अचानक तिच्या प्रकृतीबद्दल हळवे होत. पी.टी.च्या दिवशी दप्तरातून घडी घातलेला कागद निघायचा. मजकूर ठरलेला: माझ्या मुलीला बरे नाही, तरी तिला खेळाच्या तासाला बसून राहण्याची परवानगी द्यावी. या 'बरे नाही'मध्ये पुष्कळ काही मावत असे. महिन्याचे दिवस, सर्दी, उन्हात मुलगी काळी पडेल ही भीती, आता मोठी झाली मग कशाला उड्या मारायच्या हा आजीचा अभिप्राय, आणि गणिताची चाचणी.

रायकर बाईंनी एकही चिठ्ठी कधी नाकारली नाही. घ्यायच्या, उभ्याने वाचायच्या, घडी होती तशी घालायच्या आणि मुलीला सांगायच्या, बरं नाही ना, मग खेळू नकोस, फक्की मार. फक्की म्हणजे मैदानावर रेघा आखायची पांढरी पूड. कबड्डीचं मैदान आखायचं तर पूड घेऊन वाकून चारी बाजू, मधली रेघ आणि आतल्या रेघा असं सगळं चालत जावं लागतं, आणि रेघ वाकडी गेली की पायाने पुसून पुन्हा. खेळणाऱ्या मुली वीस मिनिटांत सावलीत यायच्या. चिठ्ठीवाली तासभर उन्हात असायची.

खरोखर आजारी मुलगी बाईंना चेहऱ्यावरून कळायची. तिला त्या जिन्याखालच्या खोलीत नेऊन निजवायच्या. ती खोली लेझमी ठेवायची होती, पण तिथल्या कपाटात कापूस, पट्ट्या, गरम पाण्याची पिशवी आणि गुळाच्या वड्या असत. शास्त्राच्या पुस्तकातला शरीराबद्दलचा तो एक धडा आमच्या शास्त्राच्या बाई 'घरी वाचा' म्हणून सोडून देत. मुली तो जिन्याखाली शिकल्या. घरी नीट चाललेलं नाही, शेजारचा माणूस त्रास देतो, अशा गोष्टीही त्या जिन्याखालीच सांगितल्या गेल्या, आणि त्यातल्या काहींसाठी बाई संध्याकाळी सायकल घेऊन त्या त्या घरी जाऊन आल्या. हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि तेही मुलींकडून.

तुमच्या आईसाठी मीही एकदा चिठ्ठी लिहिली होती. इंग्रजीत. मुलगी 'इनडिस्पोज्ड' आहे असं मी म्हटलं होतं. मधल्या सुट्टीत रायकर बाई ती चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या आणि त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी म्हणाले, बरं नाही, अशक्तपणा आहे.

"असं होय," बाई म्हणाल्या. "मला वाटलं पुढच्या तासाला गणिताची चाचणी आहे."

खोलीत आणखी चार जणी होत्या. चौघींनी एकाच वेळी चहात बिस्किट बुडवलं. तुमची आई त्या दिवशी दोन मैदानं आखून घरी आली आणि रात्रीपर्यंत तिच्या केसांतून पांढरी पूड निघत होती. पुन्हा तिने चिठ्ठी मागितली नाही. पुढच्या वर्षी ती संघात होती आणि तिच्या कोपऱ्यातून कुणी सहज सुटत नसे.

साडीचं प्रकरण त्यानंतरचं. पहिली कित्येक वर्षं बाई साडीतच शिकवत. पाचवारी, पदर खोचलेला, निऱ्यांना दोन पिना. त्या साडीत त्या चढाई करून दाखवायच्या आणि मधल्या रेघेला हात लावायला अंग झोकून द्यायच्या. एकदा निरीत पाय अडकला आणि मनगट मोडलं. प्लास्टरमधल्या हाताने त्यांनी शाळा समितीला अर्ज लिहिला की मैदानावर ट्रॅकसूट घालण्याची परवानगी मिळावी.

समितीत सात सभासद होते, त्यातले सहा पुरुष. अर्जावर तीन बैठका झाल्या. मी शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून इतिवृत्त लिहायला बसत असे. एकांनी विचारलं, इतकी वर्षं साडीत काय अडलं? मनगट, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण इतिवृत्त लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं. दुसऱ्यांना पालकांची काळजी होती. तिसऱ्यांचा ट्रॅकसूटला विरोध नव्हता, पण त्यावर मंगळसूत्र बरं दिसेल का, अशी त्यांना शंका होती. शेवटी सर्वांचं समाधान होईल असा ठराव झाला. तो माझ्याच अक्षरात आहे. शिक्षिकेने मैदानावर ट्रॅकसूट वापरण्यास हरकत नाही. मात्र शाळेच्या इमारतीत, जिन्यात व व्हरांड्यात साडी अनिवार्य राहील. मैदान आणि व्हरांडा यांच्यामध्ये आमच्याकडे एक पायरी आहे. कपडे बदलायचे कुठे, हा प्रश्न सात जणांपैकी कुणाला सुचला नाही. मला सुचला होता, पण वर सांगितलंच.

बाईंनी ठराव वाचला, आभाराचं पत्र दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो पाळायला सुरुवात केली. ट्रॅकसूटवर साडी नेसून त्या मुलींची रांग घेऊन व्हरांड्यातून यायच्या, पायरीवर थांबायच्या आणि तिथे उभ्या राहून शांतपणे साडी सोडायच्या. पिना एका मुलीच्या हातात, पदर दुसरीच्या. दोघी मिळून साडीची घडी घालायच्या. तास संपला की त्याच पायरीवर पुन्हा नेसायच्या. दिवसातून चार वेळा. घडी घालायला मुलींनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. सहाव्या दिवशी त्या वेळचे अध्यक्ष एका निवृत्त न्यायाधीशांना शाळा दाखवायला घेऊन आले. दोघे व्हरांड्याच्या टोकाला पोहोचले तेव्हा साडी अर्धी सुटलेली होती. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं की हे काय चाललंय.

"ठराव," बाई म्हणाल्या, आणि उरलेल्या निऱ्या सोडल्या.

साडीची अट काढणारी चौथी बैठक अकरा मिनिटं चालली.

त्यानंतर काळ बदलला, आणि तो बाईंच्या बाजूने बदलतोय असं आम्हाला काही वर्षं वाटलं. रायकर बाईंच्या रायकर मॅम झाल्या. टीव्हीवर कबड्डी आणि कुस्ती खेळणाऱ्या मुली दिसू लागल्या. आमच्या मुलींनी ढाल जिंकली की वर्तमानपत्रात फोटो येऊ लागला: मध्ये अध्यक्ष, कडेला बाई, खाली बसलेल्या मुली. चिठ्ठ्या मात्र थांबल्या नाहीत. त्या फोनवर येऊ लागल्या, हात जोडलेल्या चित्रासकट. आता कारण ऊन नव्हतं, क्लास होता. आणि खेळात पुढे गेलेल्या मुलींना दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात हे कळल्यापासून तेच पालक दहावीच्या वर्षी मुलीचं नाव संघात घाला म्हणून मैदानावर येऊ लागले. बाई त्यांना अदबीने विचारायच्या, कुठल्या खेळात घालू? एक गृहस्थ म्हणाले, जो सोपा असेल त्यात.

मी निवृत्त झाले आणि मग मलाच समितीवर घेतलं. समितीला नियमाने एक स्त्री लागते आणि इंग्रजी पत्रं लिहायला कुणीतरी लागतं. माझ्यात दोन्ही एकत्र मिळत होतं. अध्यक्ष आता भाऊसाहेब होते. वारज्यात त्यांच्या इमारती आहेत. माणूस बोलायला गोड, लहान मुलांनाही 'आपण' म्हणणारा. त्यांनी 'आपण' जरा लांबवून म्हटलं की समोरच्याने आपल्या वस्तू मोजून घ्याव्यात.

बाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांना स्वतःसाठी काही नको होतं. आपल्या जागी शिक्षिका नेमली जावी, पूर्णवेळ, रोज शाळेत असणारी, एवढीच एक गोष्ट त्यांनी समितीकडे मागितली. नाव त्यांच्या मनात होतं. वैशाली जाधव, त्यांचीच विद्यार्थिनी. राज्यापर्यंत कबड्डी खेळलेली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, आणि शाळांमध्ये जागा निघत नाहीत म्हणून वाघोलीतल्या एका जिममध्ये आयटीतल्या लोकांना हिंदी गाण्यांवर नाचवून त्यांची पोटं कमी करणारी. समितीच्या मनात दुसरंच होतं. एका अकादमीशी करार करायचा, आठवड्यातून दोनदा कोच येणार, मुलींची प्रगती पालकांना फोनवर दिसणार. माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं. जिन्याखालच्या खोलीत कोण बसणार, याबद्दल त्यात काही नव्हतं.

त्याच सुमाराला कबड्डीच्या संघाचा फॉर्म भरायचा होता. बारा नावं, सात खेळणार, पाच राखीव. भाऊसाहेबांची नात सानिका त्या वर्षी दहावीत होती. भाऊसाहेबांनी बाईंना बोलावलं नाही, मला बोलावलं. चहा दिला. म्हणाले, आपण त्यांच्या मैत्रीण आहात. बारावं नाव काय, राखीवच असतं, तिथे आमची सानिका येऊ दे. आणि वैशालीच्या जागेची जाहिरात याच महिन्यात काढू. या दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी काजूची बशी माझ्याकडे सरकवली. सानिकाला यातलं काही विचारलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

मी निरोप बाईंकडे नेला. माझं मत सही करावी असं होतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. एका राखीव नावाच्या बदल्यात पुढची तीस वर्षं मुलींना शिक्षिका मिळणार होती. मला ते नीटनेटकं वाटलं. बाई मैदानाच्या कडेला फक्की चाळत होत्या. त्यांनी विचारलं, बारावी कोण आहे माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. बारावी काजल होती, नववीतली. तिचे वडील बुलढाण्याकडून आलेले, कारखान्यात कामाला, धायरीत भाड्याची खोली. रोज पहाटे ती बाईंच्या स्कूटीवर मागे बसून सरावाला यायची. तिच्या घरून एकदाही चिठ्ठी आली नव्हती.

मी म्हणाले, एका मुलीकडे बघू नका, पुढे येणाऱ्या शेकडो मुलींचा विचार करा.

"त्यांचाच करती हाय," बाई म्हणाल्या. "त्यातली पहिली ही."

माझ्याशी त्या धायरीचं बोलल्या होत्या, म्हणजे विषय संपला होता.

दोन दिवसांनी भाऊसाहेबांच्या टेबलावर एक जाड पाकीट आलं. आत फॉर्म होता, अकरा नावं भरलेला. त्याला टाचलेल्या एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या, सानिकाच्या, पाचवीपासूनच्या, फोनवर आलेल्यांच्या छापील प्रतींसह. बाई चिठ्ठ्या जपून ठेवतात हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेकांवर सानिकाच्या आईची सही होती आणि नऊंवर खुद्द भाऊसाहेबांची. वर बाईंचं पत्र होतं. ते पुढे मीच समितीच्या फाइलला लावलं, म्हणून शब्दशः देते: "कु. सानिका हिला प्रकृतीमुळे मैदानावर येणे शक्य नाही असे पालकांनी वेळोवेळी लेखी कळवले आहे. ती नियमित सराव करते असे आता माझ्या सहीने लिहून हवे आहे. यांपैकी कोणते खरे धरावे ते कळवावे. त्याप्रमाणे सही करीन."

काही कळवलं गेलं नाही. बारावं नाव काजलचं लागलं. वैशालीच्या जागेची जाहिरात निघाली नाही. अकादमीला होकार कळवणारं इंग्रजी पत्र समितीने मला लिहायला सांगितलं आणि मी ते लिहिलं. चांगलं लिहिलं होतं.

निरोप समारंभात भाऊसाहेब बाईंच्या शिस्तीबद्दल वीस मिनिटं बोलले. शाल दिली, श्रीफळ दिलं. हॉलमधल्या खुर्च्या सरळ रांगेत मांडल्या आहेत याचाही त्यांनी उल्लेख केला. त्या सकाळी बाईंनीच मांडून घेतल्या होत्या, कारण त्यांच्याशिवाय ते काम कुणाचं हे ठरलेलं नव्हतं. उत्तरादाखल बाई उठल्या, म्हणजे उभ्याच होत्या, आणि म्हणाल्या, "जागा भरा." मग श्रीफळ पिशवीत टाकलं.

अकादमीचा कोच आला. भला मुलगा, मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. पहिल्या सहामाहीच्या अहवालात त्याने एक गोष्ट ठळक अक्षरांत दिली होती: सूट मागणाऱ्या चिठ्ठ्या शून्य. समितीने त्याचं अभिनंदन केलं. मी मुख्याध्यापिकांना विचारलं तेव्हा कळलं की आठवीपासूनच्या निम्म्या मुली त्या तासाला वर्गातच बसून असतात. न खेळण्याचं कारण त्याला सांगणं मुलींना शक्य नव्हतं आणि ते विचारणं त्याला. फोनवर मात्र सगळ्यांची प्रगती दिसत होती. जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे दोन दिवस शोधूनही कळलं नाही.

कबड्डीच्या मुली रविवारी धायरीला जाऊ लागल्या. बाईंच्या घरामागे जमिनीचा एक तुकडा आहे, अजून इटलीत न गेलेला. तिथे बाई सराव घ्यायच्या आणि वाघोलीहून वैशाली यायची. पुढच्या वर्षी संघ शहरातल्या फेऱ्या जिंकून पुढच्या सामन्यांसाठी निघाला. शाळेजवळच्या चौकात भाऊसाहेबांनी शुभेच्छांचा फ्लेक्स लावला. त्यावर भाऊसाहेब कमरेपासून वर, आणि तळाशी टपालाच्या तिकिटाएवढ्या बारा मुली.

सकाळी साडेसातला बस दारात उभी होती. भाऊसाहेब झेंडा दाखवायला आले होते, सोबत एक वार्ताहर. समितीतर्फे मी होते, फाइल घेऊन. बाई आणि वैशाली धायरीच्या मुलींना पोहोचवायला आल्या होत्या. मुख्याध्यापिका बसच्या पायरीशी उभ्या राहून प्रवेशाचा कागद भरत होत्या आणि एका ओळीपाशी थांबल्या. शहराबाहेरच्या सामन्यांना मुलींच्या संघासोबत शाळेची शिक्षिका हवी, तिची सही हवी, त्याशिवाय संघाला मैदानात घेत नाहीत. कोच पुरुष, आणि शाळेचा नव्हे, अकादमीचा. मुख्याध्यापिकांसकट सगळ्या शिक्षिका त्या दिवशी परीक्षेच्या कामाला लावलेल्या. ही ओळ पस्तीस वर्षं आपोआप भरली जात होती, त्यामुळे ती कागदावर आहे हेच कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

भाऊसाहेब हसत म्हणाले, यात काय, रायकर मॅम आहेत की, आपणच जा, आपणच सही करा. बाई म्हणाल्या, मी शाळेची नाही, निवृत्तीचं पत्र तुमच्याच सहीचं आहे. मग वैशालीकडे बोट दाखवून म्हणाल्या, हिला नेमा, ती सही करेल. भाऊसाहेब म्हणाले, नेमणुका अशा रस्त्यावर होत नसतात. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. वार्ताहर विचारत होता की संघ जाणार आहे ना.

"नाही जमत तर राहू दे," बाई भाऊसाहेबांना म्हणाल्या. "मी पोरींना घरी नेते. चौकातला फ्लेक्स तेवढा काढून घ्या."

मी बाईंच्या हाताकडे पाहिलं. बसच्या दाराचा दांडा त्यांनी असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. खिडकीत काजल मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. बाई त्या मुलींना घरी नेणार नव्हत्या. दुसरं काहीच जमलं नसतं तर त्यांनी आयुष्यातली पहिली खोटी सही केली असती आणि बसमध्ये चढल्या असत्या. हे मला दिसलं. भाऊसाहेबांना दिसू नये एवढंच हवं होतं. म्हणून मी त्यांच्या आणि त्या हाताच्या मध्ये जाऊन उभी राहिले, फाइलमधून शाळेचा छापील कागद काढला आणि फाइलवरच ठेवून लिहायला लागले. श्रीमती वैशाली जाधव, शारीरिक शिक्षण शिक्षिका, पूर्णवेळ, आजपासून. भाऊसाहेब वाचत होते. त्यांनी 'तात्पुरत्या' हा शब्द घालायला लावला. मी घातला. तात्पुरत्या गोष्टी आमच्या पुण्यात किती वर्षं टिकतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी एकदा चौकाकडे पाहिलं, एकदा वार्ताहराकडे, आणि सही केली.

संघ दुसऱ्या फेरीत हरला. काजलने त्या सामन्यात चार जणींना बाद केलं. वैशाली अजून तात्पुरतीच आहे, तिसरं वर्ष चालू आहे, दर वर्षी कागद मी लिहिते. जिन्याखालच्या खोलीचं कुलूप तिने दुसऱ्याच दिवशी तोडलं.

पण त्या सकाळी बस निघाली तेव्हा बाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. खेळायला निघालेल्या संघाला हात हलवायचा नाही, मुली मागे बघत बसतात, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना घरी चहाला चला म्हटलं. त्या म्हणाल्या, धायरीची बस आहे. आम्ही कोपऱ्यावर पोहोचलो तेव्हा ती थांब्यावरून सुटलेली होती. मी म्हणाले, राहू द्या बाई, मागून दुसरी येईल. त्यांनी पिशवी खांद्यावर चढवली, पदर कमरेला खोचला आणि निघाल्या. पुण्यात सुटलेली बस कुणासाठी थांबत नाही. ही पण थांबली नाही. बाईंनी ती पकडली.